नोकरी डळमळीत, बाजार खाली: आधी कुठल्या पैशाला हात लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं कमावते, चाळिशीच्या अलीकडचे, एक शाळकरी मूल. नवऱ्याच्या कंपनीत कर्मचारी कपातीची कुजबुज सुरू आहे. घराचं कर्ज बदलत्या व्याजदराचं, त्यामुळे हप्ता वाढलाय. बचतीचा मोठा भाग शेअर बाजारातल्या फंडांत, त्याखेरीज कंपनीने दिलेले शेअर, आणि दोन्ही खाली आलेत. वडील नुकतेच निवृत्त झालेत, तेही धास्तावलेत. नवऱ्याची विचारणा अशी, की दरमहाची गुंतवणूक बंद करून, आहे ते विकून सोनं घ्यावं, की सरळ कर्ज फेडून मोकळं व्हावं?

आधी सरळ उत्तर देतो. सगळं विकून सोनं घेऊ नका. कर्जाची मुदतपूर्व फेड आत्ता नको. दरमहाची गुंतवणूक काही महिने थांबवायला हरकत नाही, पण बाजार पडलाय म्हणून नव्हे; कारण वेगळं आहे, ते खाली येईलच. कंपनीचे शेअर मात्र विकता येत असतील तर विका, आणि ‘भाव परत वर आला की मग’ असं म्हणत बसू नका.

मंदी येणार का, व्याजदर कुठे थांबणार, याचं भाकीत या उत्तरात सापडणार नाही. भाकितावर बेतलेला बेत भाकीत चुकलं की कोसळतो. पैशाचा सल्ला देण्याच्या या व्यवसायात मी २००८ ची पडझड पाहिली, २०२० चीही पाहिली. दोन्ही वेळा खरं नुकसान कुणाचं झालं? भाव खाली असताना ज्यांना विकणं भाग पडलं त्यांचं. हप्ता थकत होता, फी भरायची होती, घरात आजारपण निघालं होतं आणि हाताशी दुसरा पैसा नव्हता. अमेरिकेचा एसअँडपी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात सुमारे ५७ टक्के घसरला आणि मार्च २०१३ मध्ये जुन्या उच्चांकाच्या वर बंद झाला. तोच फंड, तीच पडझड. पण ज्याला २०१३ पर्यंत थांबता आलं त्याची गोष्ट वेगळी आणि मार्च २००९ मध्ये ज्याला हप्त्यासाठी विकावं लागलं त्याची वेगळी. म्हणून अनिश्चित काळात पहिला प्रश्न ‘कुठे गुंतवू’ हा नसतो. कुठला पैसा कधी लागणार आहे आणि तोवर तो कुठे बसलाय, हे आधी बघायचं.

आता तुमच्या घराचा हिशोब मांडू. तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून दोघांची मिळून महिन्याची मिळकत १०० धरतो: तुमचे ६०, पत्नीचे ४०. त्यातले २६ घराच्या हप्त्यात जातात. घर चालवायला ३४. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, शाळेची फी, घराचा कर, गाडीची दुरुस्ती, बारा महिन्यांत वाटले तर ९. हौसमौज १३, गुंतवणूक १८. तुमचे खरे आकडे काढताना मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं विवरण आणि कार्डाची बिलं समोर घ्या. अंदाजाने लिहू नका. बहुतेकांचा हिशोब चुकतो तो त्या ९ मध्ये. महिन्याचा खर्च विचारला की लोक किराणा, वीज, हप्ता सांगतात आणि वर्षाचा विमा विसरतात. मग नोकरी गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात तो समोर उभा राहतो.

तुमची नोकरी गेली तर हौसमौज आणि गुंतवणूक आपोआप थांबतील. उरले २६ + ३४ + ९, म्हणजे ६९. पत्नीचे ४० येत राहतील. दरमहा खड्डा २९ चा.

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तुमच्या बाबतीत तो आकडा ६९ × ६ = ४१४. एकाच पगारावर घर चालतं त्याला हे सहाच महिने पुरतील. तुम्हाला, खड्डा २९ चा असल्याने, चौदा महिने पुरतील. म्हणून आपत्कालीन निधी खर्चाच्या पटीत न मोजता खड्ड्याच्या पटीत मोजावा, असं माझं मत आहे. तुमच्यासारखं काम पुन्हा मिळायला मंदीत किती महिने लागतात याचा अंदाज तुमच्या क्षेत्रातल्या लोकांकडून घ्या, आणि जो आकडा येईल त्याच्या दीडपट धरा. नऊ महिने धरले तर ३० च्या आत-बाहेर खड्डा गुणिले नऊ, म्हणजे साधारण २७०. एवढी रक्कम बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत हवी. फंडांत नको, सोन्यात नको, मित्राला उसनी दिलेली तर अजिबात नको.

दरमहाची गुंतवणूक थांबवायला हरकत नाही म्हटलं ते यासाठी. हा निधी आज अपुरा असेल तर ते १८ आणि हौसमौजेतले जमतील तेवढे, समजा ७, असे २५ दरमहा इकडे वळवा. निधी भरला की गुंतवणूक त्याच दिवसापासून पुन्हा सुरू. बाजार तेव्हा वर असो की खाली, त्याच्याशी संबंध नाही. निधी आधीच भरलेला असेल तर थांबवायचं काही कारणच नाही. उलट पडलेल्या भावात तेवढ्याच पैशांत जास्त युनिट मिळतात, आणि पुढच्या वीस वर्षांसाठी खरेदी करणाऱ्याला भाव खाली असणं परवडतं. हे कळायला सोपं, वळायला अवघड. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला बरंच जास्त जाणवतं. रोज अ‍ॅप उघडून बघणाऱ्याला जवळजवळ दिवसाआड लाल आकडा दिसतो, चांगल्या वर्षातसुद्धा. अ‍ॅपच्या सूचना बंद करा. खरंच करा, हा विनोद नाही.

आता कर्ज. कर्ज फेडून मोकळं व्हावं ही इच्छा मी समजू शकतो, पण नोकरी डळमळीत असताना मुदतपूर्व फेड म्हणजे हातातली रोकड बँकेच्या स्वाधीन करणं. ती परत मागता येत नाही. शिवाय अर्धवट फेड केली की बऱ्याचदा मुदत कमी होते, हप्ता तेवढाच राहतो. म्हणजे दोन वर्षांची साठवण कर्जात ओतली आणि पुढच्या महिन्यात नोकरी गेली, तर २६ चा हप्ता तसाच समोर आणि खिसा रिकामा. बँकेला तुम्ही गेल्या वर्षी किती आगाऊ भरलं याचं काही सोयरसुतक नसतं. हप्ता चुकला की चुकला.

याच्या उलट एक गोष्ट करता येईल. दोघांच्याही पगाराच्या पावत्या हातात आहेत तोवर बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का ते विचारा. २६ चे २२ झाले तर खड्डा २९ वरून २५ वर येतो. एकूण व्याज जास्त जाईल, हे खरं. मी त्याकडे विम्याच्या हप्त्यासारखं पाहतो: वर्ष-दोन वर्षं शांतपणे काढण्याची किंमत. परिस्थिती निवळली की जादा भरून मुदत पुन्हा आटोक्यात आणता येते. फक्त मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, ते करारात आधी वाचा. गरज पडली तर उचलू म्हणून बँकेकडून आधीच मंजूर करून ठेवलेल्या कर्जमर्यादेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. २००८ च्या संकटात अमेरिकेत अनेक बँकांनी घरावरच्या मंजूर पण न वापरलेल्या मर्यादा गोठवल्या होत्या. गरज पडली तेव्हाच दार बंद.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. कुठलाही फंड, कुठलंही सोनं तेवढं भरवशाने देत नाही. आधी ते मिटवा, त्यासाठी फंड विकावे लागले तरी चालेल. विकू नका म्हणणाऱ्या माझ्याकडून ही सूट.

कंपनीच्या शेअरबद्दल मी एवढा ठाम का? तुमचा पगार, विमा आणि बचतीचा एक तुकडा एकाच खुंटीला टांगलेला आहे. हिशोबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तो एका डॉलरखाली गेला होता. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा त्याच शेअरमध्ये होता. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली. तुमची कंपनी एन्रॉन नाही, नसेलही कधी. पण कपात होते त्याच काळात शेअरही पडतो, त्यासाठी घोटाळा व्हावा लागत नाही. खरेदीचा भाव विसरा. आज हातात तेवढी रोकड असती तर याच कंपनीचे शेअर बाजारातून घेतले असते का, एवढंच स्वतःला विचारा. विकण्याची मुभा ठरावीक काळातच असेल तर त्या तारखा आजच लिहून ठेवा, आणि करही बघा. आलेला पैसा आधी निधीत जाऊ द्या.

उरलेल्या फंडांचं काय? जो पैसा पुढच्या पाच-सात वर्षांत लागणार नाही तो तिथेच राहू द्या. जो दोन-तीन वर्षांत लागणार आहे, मुलाची मोठी फी असो वा आणखी काही, तो मुळात तिथे नकोच होता. तो टप्प्याटप्प्याने काढा. ‘शेअर बाजार दीर्घ मुदतीत वरच जातो’ हे वाक्य मी असं उघडं-नागडं कधी सांगत नाही. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ च्या उच्चांकावरून जुलै १९३२ पर्यंत सुमारे ८९ टक्के पडला आणि ती पातळी परत यायला नोव्हेंबर १९५४ उजाडलं. जपानच्या निक्केई निर्देशांकाने २९ डिसेंबर १९८९ ला गाठलेला उच्चांक फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी ओलांडला. लाभांश धरले तर वाट इतकी लांब राहत नाही, आणि दरमहा थोडं थोडं घालणाऱ्याने खालच्या भावातही खरेदी केलेली असते, म्हणून त्याची अवस्था शिखरावर सगळं घालणाऱ्यापेक्षा बरी. तरीही दीर्घ मुदत म्हणजे नक्की किती, हे बाजार आपल्याला आधी सांगत नाही. म्हणून एकाच देशाच्या, एकाच क्षेत्राच्या बाजारात सगळं ठेवू नका, आणि वाटप ठरवून ठेवा.

वाटप म्हणजे काय ते आकड्यांत बघा. समजा ६० शेअर फंडांत आणि ४० रोख्यांत (म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने दिलेल्या कर्जांत) आणि ठेवींत ठरवलं होतं. शेअर ३५ टक्के पडले. ६० चे झाले ३९, इकडे ४० तसेच. एकूण ७९, त्यात शेअरचा वाटा ४९ टक्के. ठरलेल्या ६० टक्क्यांवर यायचं तर ८.४ ठेवींतून शेअरकडे न्यावे लागतील. पडझडीत खरेदी करायला धैर्य लागतं असं म्हणतात. प्रत्यक्षात कागदावर आधी लिहिलेला नियम पुरतो. वर्षातून एकदा बघा, ठरलेल्या वाट्यापासून पाच टक्के-बिंदूंहून जास्त ढळलं असेल तरच हालवा, आणि शक्यतो नव्या पैशातून, म्हणजे विक्रीवरचा कर वाचतो. आपत्कालीन निधी या गणितात धरायचा नाही. तो वेगळा.

रोखे म्हणजे सुरक्षित, ही समजूत २०२२ ने अनेकांच्या डोक्यातून काढली. व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव पडतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त. फंडाच्या माहितीपत्रकात ‘ड्युरेशन’ नावाचा, वर्षांत मोजलेला आकडा असतो; दर १ टक्क्याने वाढले तर भाव साधारण किती टक्के पडेल, ते तो सांगतो. तो ८ असेल आणि दर २ टक्क्यांनी वाढले तर साधारण १६ टक्के घसरण धरून चाला. त्या वर्षी दीर्घ मुदतीचे अमेरिकी सरकारी रोखे ३० टक्क्यांच्या आसपास खाली आले, आणि शेअरही त्याच वर्षी पडले. दोन-तीन वर्षांत लागणाऱ्या पैशासाठी ड्युरेशन तेवढंच किंवा त्याहून कमी असलेला फंड घ्या, नाहीतर साधी मुदत ठेव.

ठेवीतही डोळे उघडे हवेत. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्यातून पैसे मिळतात, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि ती देशागणिक वेगळी. २०१३ मध्ये सायप्रसच्या संकटात बँक ऑफ सायप्रसच्या ज्या ठेवी विम्याच्या १ लाख युरोच्या मर्यादेपेक्षा जास्त होत्या, त्यांतल्या वरच्या रकमेचा ४७.५ टक्के भाग बँकेच्या शेअरमध्ये बदलण्यात आला. मर्यादेपेक्षा जास्त रक्कम असेल तर दोन-तीन बँकांत वाटा. अर्धा टक्का जादा व्याज देणाऱ्या बँकेत सगळं ठेवायचा मोह याच काळात जास्त होतो. आणि रोकडीला महागाई कुरतडते, हे विसरू नका. ठेवीवर ६ टक्के व्याज, त्यावर २० टक्के कर, हातात ४.८, महागाई ७ टक्के असेल तर वर्षाला २.२ टक्के झीज. निधीपुरती ही झीज सोसायची. सगळी पुंजी ठेवींत नेली तर मात्र पंधरा-वीस वर्षांत ती झीज पडझडीएवढीच दुखते, फक्त आवाज होत नाही.

सोनं. ५ ते १० टक्के असू द्या, माझा विरोध नाही. पण आसरा म्हणून सगळं तिथे नेणाऱ्याने १९८० आठवावं. त्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलर गाठलेलं सोनं १९९९ मध्ये २५० च्या घरात आलं, आणि जुना भाव परत दिसायला २००८ उजाडलं. महागाई धरली तर आणखी उशीर. २००८ च्या संकटात तर मार्चमध्ये १,००० च्या वर गेलेलं सोनं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ७०० च्या आसपास उतरलं होतं, कारण रोकडीची चणचण असलेले लोक जे विकलं जाईल ते विकत होते. सध्या सोन्याच्या बातम्या जास्त दिसतात म्हणून ते घ्यावंसं वाटत असेल, तर तेच न घेण्याचं एक कारण समजा.

वडिलांचं दुखणं तुमच्याहून वेगळं आहे. तुम्ही अजून पैसा घालताय, ते काढताहेत. १०० पुंजीतून वर्षाला ५ काढणाऱ्याला निवृत्तीनंतर लागोपाठ २५ आणि १५ टक्क्यांची घसरण लागली तर दोन वर्षांत उरतात ५६, आणि तेच ५ आता जवळजवळ ९ टक्के होतात. हीच दोन वाईट वर्षं पंधरा वर्षांनी आली असती तर एवढं बिघडलं नसतं. त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाची रक्कम ठेवीत आणि अल्प मुदतीच्या रोख्यांत काढून ठेवा, आणि बाजार खाली असेल त्या वर्षी त्यातूनच खर्च करू द्या. ‘वर्षाला ४ टक्के काढा’ हा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांचा १९९४ चा आडाखा अमेरिकेच्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे. दुसऱ्या देशात तो जसाच्या तसा लावू नका. आणि त्यांना सांगून ठेवा, की ‘दरमहा ठरावीक परतावा, बाजार कसाही असो’ म्हणणारा कोणी आला तर आधी तुम्हाला फोन करायचा. गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नी मॅडॉफचे आकडे वर्षानुवर्षं असेच गुळगुळीत होते. डिसेंबर २००८ मध्ये लोकांनी सुमारे ७ अब्ज डॉलर परत मागितले तेव्हा कळलं की पैसे नाहीतच.

विम्याचं काम या आठवड्यात करा. आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर नोकरीबरोबर तोही जाऊ शकतो, आणि नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ लागण्याची शक्यता असते. म्हणून घोषणेची वाट न पाहता पगार चालू असतानाच कुटुंबाचा स्वतंत्र विमा घ्या. मुदतीचा आयुर्विमा किमान उरलेल्या कर्जाएवढा आहे का, तेही पाहा. वारसनोंदी एका बैठकीत उरकतील.

एक माहिती प्रश्नात नाही: पत्नी कुठल्या क्षेत्रात काम करतात? तुमच्याच क्षेत्रात असतील तर दोन्ही पगार एकदम धोक्यात येऊ शकतात, खड्डा २९ न राहता ६९ होतो आणि तो ४१४ चा निधी सहाच महिन्यांचा ठरतो. तसं असेल तर हप्ता कमी करून घेण्याचं काम सगळ्यात आधी करा, आणि मिळालेले कंपनीचे शेअर दोघांचेही विकायच्या यादीत घ्या.